स्टेपनी आहे, पण बांधलेली आहे काय?



नवी मोटार घरी आली म्हणजे ती प्रथम चर्चच्या आवारात आणून उभी करावयाची आणि फादरांकडून तिच्यावर पवित्र पाणी शिंपडून घ्यावयाचे, ही आपल्या गावांतील चाल मला मनापासून आवडते. ‘नवी’ म्हटले तरी ती मोटार बहुधा बेळगावात किंवा मडगावात दुसऱ्याच्या हातून घेतलेली असते आणि तिचे हप्तेही अजून फिटावयाचे असतात. पण त्यामुळे घरच्या माणसांच्या आनंदात काडीचाही उणेपणा येत नाही. आजी पुढच्या आसनावर बसलेली असते, मुले मागच्या काचेतून तोंडे काढून पाहत असतात. समोर झेंडूची माळ, आरशाला जपमाळ, आणि कधीकधी, धर्मगुरूच्या नजरेस पडू नये अशा बेताने, खाली बंपरला लिंबू-मिरचीही बांधलेली असते. त्या लिंबू-मिरचीविषयी मी पुन्हा केव्हातरी लिहीन. आज लिहावयाचे आहे ते डिकीविषयी.

पवित्र पाणी शिंपडण्यापूर्वी मी डिकी उघडावयास सांगतो. याचे कित्येकांस आश्चर्य वाटते. “फादर, तिथे काही नाही, नुसती स्टेपनी आहे,” असे उत्तर मिळते. नेमकी तीच मला पाहावयाची असते. ती आहे किंवा नाही हे तर पाहावयाचेच. पण त्याहून अधिक हे पाहावयाचे, की ती आपल्या जागी आवळून बसविलेली आहे, की नारळाच्या पोत्याशेजारी मोकळी पडली आहे.

प्रथम या शब्दाची हकिकत सांगतो. ती रंजक आहे आणि प्रस्तुत विषयास धरूनही आहे. ‘स्टेपनी’ हे मुळात एका रस्त्याचे नाव. ग्रेट ब्रिटनमधील वेल्स प्रांतात लानेल्ली म्हणून एक गाव आहे. तेथील स्टेपनी नावाच्या रस्त्यावर थॉमस मॉरिस डेव्हिस व वॉल्टर डेव्हिस या दोघांचा व्यवसाय होता. त्या काळच्या मोटारींची चाके आसापासून सहजासहजी सुटत नसत. रस्त्यात टायर फुटला म्हणजे चालकाने तेथेच धुळीत बसून टायर उपसावयाचा, ट्यूब काढावयाची, ठिगळ लावावयाचे आणि हातपंपाने हवा भरावयाची. रस्त्यांवर घोड्यांच्या नालांचे खिळे पडलेले असत, त्यामुळे हा प्रसंग वारंवार येई. डेव्हिस यांनी १९०४ च्या सुमारास यावर युक्ती काढली. आरे नसलेली एक नुसती कडी, तिच्यावर हवा भरलेला टायर, आणि ती कडी फुटलेल्या चाकाच्या धावेला बाहेरून आवळून बसविण्यासाठी पकडी. पकडी आवळल्या की मोटार चालू लागे. म्हणजे स्टेपनीचा जन्मच मुळी आवळण्यातून झाला आहे असे म्हणावयास हरकत नाही. ज्या देशात ही वस्तू निघाली तेथील लोक तिचे नाव बहुतेक विसरले; आपण हिंदुस्थानातील लोकांनी मात्र ते घट्ट धरून ठेवले. ब्राझीलमधील पोर्तुगीज बोलणारे लोकही जादा चाकाला ‘एस्तेपे’ म्हणतात, ते याच नावावरून.

पुढे सबंध चाकच सुटे करता येऊ लागले आणि जादा चाक बरोबर बाळगण्याची रीत पडली. पूर्वीच्या मोटारींची छायाचित्रे आपण पाहिली असतील. त्यांत हे चाक पुढच्या मडगार्डावर किंवा मागच्या बाजूस उघड्यावर बसविलेले आणि चामडी पट्ट्याने आवळलेले दिसते. ते सर्वांच्या डोळ्यांसमोर असे. पट्टा सैल झाला तर रस्त्यावरचा मनुष्यही हाक मारून सांगे. जीपगाडीच्या मागच्या दारावर ते आजही तसेच दिसते. परंतु साध्या मोटारींत ते डिकीच्या तळाशी, गालिच्याखाली, एका गोल खोलगटात जाऊन बसले, आणि जे डोळ्यांआड झाले ते मनाआडही झाले.

आता हे चाक त्या खोलगटात कसे धरून ठेवलेले असते ते पाहू. खोलगटाच्या मध्यभागी पत्र्याला पक्का बसविलेला एक आटे पाडलेला भाग असतो. चाकाच्या मधल्या भोकातून एक लांब बोल्ट त्यात जातो. बोल्टाच्या वरच्या टोकास रुंद तबकडी किंवा शंकूच्या आकाराची टोपी असते. काही मोटारींत तिच्याऐवजी दोन पंखांचा नट असतो, जो हाताने फिरविता येतो. ही टोपी चाकाच्या मधल्या पत्र्यावर दाबून बसली, की चाक वरही उचलत नाही आणि आडवेही सरकत नाही. एवढीच ती व्यवस्था. जॅक, पाना आणि मोटार ओढून नेण्याची कडी याच चाकाच्या पोकळीत किंवा शेजारच्या खाचेत बसविलेली असतात. त्यांनाही पट्टा किंवा कप्पा दिलेला असतो.

कारखान्यातून निघालेल्या मोटारीत हे सारे जागच्या जागी असते. मग ते सुटते कोठे? पहिल्या पंक्चरच्या वेळी. रात्र असते, पाऊस असतो, मागून ट्रक येत असतात. स्टेपनी काढून लावली जाते, आणि फुटलेले चाक डिकीत कसेबसे टाकून दार लावले जाते. दुसऱ्या दिवशी पंक्चर काढणारा पोऱ्या चाक परत आणून डिकीत ठेवतो. तो बोल्ट फिरवीत बसत नाही, आणि त्याला तसे कोणी सांगतही नाही. बोल्ट काही दिवस डिकीच्या कोपऱ्यात लोळतो, नंतर मुलांच्या हाती लागतो, आणि शेवटी घराच्या मागील दारी पडतो. मोटार दुसऱ्याच्या हातची असेल तर तो बोल्ट मोटारीबरोबर आलेलाच नसण्याचा संभव अधिक.

“पण फादर, डिकीत तर आहे ना? बंद दारातून चाक जाणार कुठे?” असे मला एका गृहस्थाने विचारले. प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तर द्यावयास हवे.

चाक मागे जाणार नाही, हे खरे. ते पुढे येते.

मोटार थांबते तेव्हा तिच्यातील सुटी वस्तू थांबत नाही. ती पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहते, हा निसर्गाचा नियम आहे. एस.टी.त उभे असता चालकाने करकचून ब्रेक दाबला म्हणजे आपण पुढच्या माणसावर जाऊन आदळतो, तो याच नियमाने. लहान मोटारीचे लोखंडी चाक टायरासह साधारण १२ ते १३ किलो भरते. थोड्या मोठ्या मोटारीचे १५ ते १८ किलो. आता एक हिशेब करू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार झाडावर किंवा समोरच्या ट्रकवर आदळून जागीच थांबली, तर सुट्या चाकाचा पुढे जाण्याचा वेग तोच राहतो. सुमारे १० मीटर उंचीवरून सोडलेली वस्तू जमिनीवर ज्या वेगाने येते, तो हाच वेग. म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीवरून कोणी १५ किलोचे चाक खाली टाकावे, असा तो आघात. ताशी ८० किलोमीटर वेग असेल तर ती उंची २५ मीटर होते. आपल्या भागातील किती चर्चांचे मनोरे २५ मीटर उंच आहेत? वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो, हे गणित मुलांना शाळेत शिकवितात. मोटार चालविणाऱ्या वडिलांनी ते पुन्हा एकदा मुलांकडून समजून घ्यावे.

आणि या चाकाच्या वाटेत काय असते? मागच्या आसनाची पाठ. आज आपल्या गावांतून ज्या लहान मोटारी अधिक दिसतात, त्यांत डिकी वेगळी बंद पेटीसारखी नसते. आसनाच्या पाठीमागे लगेच सामानाची जागा असते. ही पाठ सामानासाठी पुढे दुमडता यावी म्हणून तिला वरच्या बाजूस खटके दिलेले असतात. खटका नीट अडकला नसेल, तर जोराचा धक्का बसताच पाठ पुढे येते. त्या पाठीला टेकून बसलेली असतात ती आपली मुले. पुढे बाप चालवितो, त्याच्या शेजारी आजी किंवा आजोबा, आणि मागे आई व मुले, ही आपल्याकडील बसण्याची रीत सर्वांस ठाऊक आहे.

टक्कर होण्याचीही गरज नाही. घाटात वळणावर समोर अचानक गाय आली आणि ब्रेक दाबला, तरी सपाट गालिच्यावर मोकळे पडलेले चाक सरकते. ते उभे ठेवलेले असेल तर विचारावयासच नको. चाकाचा धर्मच गडगडण्याचा. ते एका वळणावर डावीकडे आदळते, दुसऱ्यावर उजवीकडे, आणि आतील मंडळींना वाटते, मोटारीच्या यंत्रातच काही बिघाड झाला. मिस्त्रीकडे दोन खेपा होतात, तो स्प्रिंगा पाहतो, नट आवळतो, पैसे घेतो, आणि धडधड तशीच राहते. मग कोणी तरी डिकीत जुने पोते किंवा गोधडी कोंबतो. आवाज बंद होतो. धोका तसाच राहतो. माझ्या मते पोते कोंबणे हे काहीच न करण्याहून वाईट, कारण आवाज निदान सांगत तरी होता.

ज्याचा मूळ बोल्ट हरवला आहे त्याने काय करावे? सर्वांत उत्तम म्हणजे आपल्या मोटारीचे नाव व साल सांगून सुट्या भागांच्या दुकानातून तसाच बोल्ट आणावा. जुन्या मोटारी मोडणाऱ्यांकडेही तो मिळतो. वस्तू क्षुल्लक आहे, तिची किंमतही फार नसते. बोल्ट निराळ्या मापाचा असेल तर तो दोन फेऱ्यांत घट्ट झाल्यासारखा वाटतो, परंतु आटे घासले जातात आणि पुढे खरा बोल्टही बसत नाही. काही लोक पदरची अक्कल चालवून डिकीच्या तळाला नवे भोक पाडतात. हे कृपा करून करू नये. बऱ्याच मोटारींत पेट्रोलची टाकी मागच्या आसनाच्या व डिकीच्या आसपासच खाली असते, आणि तेथूनच नळ्या व विजेच्या ताराही जातात.

बोल्ट मिळेपर्यंत चाक आडवे झोपवून, मागच्या आसनाच्या पाठीस भिडवून ठेवावे. मग ट्रकवाले माल बांधण्यास वापरतात तसला, खटक्याने आवळला जाणारा पट्टा चाकाच्या भोकांतून ओवून, डिकीच्या तळाशी मोटारीतच दिलेल्या लोखंडी कड्यांस बांधावा. काथ्याची दोरी ताणाने ढिली होते. मोटारसायकलवर सामान बांधण्याची रबरी दोरी तर मुळीच उपयोगी नाही. तिचा गुण ताणण्याचा आहे, आणि आपल्याला नको आहे ते नेमके ताणणेच.

बोल्ट असला तरी चाक खोलगटात नीट बसले पाहिजे. चाकाची एक बाजू खोल असते व एक उथळ. कोणती बाजू वर असावी हे मोटारीप्रमाणे ठरते. उलटे ठेवले तर टोपी चाकाला टेकतच नाही, किंवा बोल्ट आट्यांपर्यंत पोहोचत नाही, आणि वरचा पुठ्ठा फुगून राहतो. पुठ्ठा सपाट बसत नसेल तर खाली काही तरी चुकले आहे असे समजावे. शोभेसाठी मोठी चाके बसवून घेणाऱ्या तरुणांना एक सूचना. आपल्या मोटारीचा खोलगट मूळच्या मापाचा आहे. तुमचे नवे चाक त्यात मावेल की नाही हे पैसे मोजण्यापूर्वी पाहावे. कित्येक नव्या मोटारींत कंपनीच मुख्य चाकांहून लहान किंवा अरुंद स्टेपनी देते. ती तात्पुरती असते. ताशी ८० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने जाऊ नये, अशी सूचना बहुधा तिच्यावरच छापलेली असते. अशा मोटारीत पंक्चर झाल्यावर काढलेले मोठे चाक स्टेपनीच्या जागेत मावत नाही. ते घरापर्यंत डिकीत मोकळेच येते, आणि बांधण्याचा पट्टा खरोखर लागतो तो तेव्हा. म्हणून बोल्ट असणाऱ्यांनीही एक पट्टा जवळ बाळगावा असे माझे मत आहे.

गॅसवर चालणाऱ्या मोटारींची गोष्ट निराळी आणि अधिक नाजूक. सी.एन.जी.ची टाकी मागाहून बसवून घेतली म्हणजे ती डिकीची बहुतेक जागा व्यापते. स्टेपनी मग एक तर टाकीखाली अडकते, जेथून ती काढणे म्हणजे दिव्यच, किंवा टाकीशेजारी उभी करून ठेवली जाते. या उभ्या चाकाला स्वतःची लोखंडी पकड हवी, आणि ती टाकी बसविणाऱ्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावी. चाक टाकीला, टाकीच्या पट्ट्याला किंवा नळीला कधीही बांधू नये. सुटे चाक घाटात शंभर वेळा टाकीच्या नळीवर आणि झडपेवर आपटत राहिले, तर काय होऊ शकते हे सांगण्यास मिस्त्री नको. अलीकडे, २०२३ पासून, टाटा कंपनीने काही मोटारींत एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी शेजारी शेजारी बसवून स्टेपनी मोटारीच्या पोटाखाली नेली आहे. जागेचा प्रश्न त्यामुळे पुष्कळ सुटला.

पोटाखाली स्टेपनी असणाऱ्या मोटारी पूर्वीही होत्या. मोठ्या कुटुंबांच्या सात आसनी मोटारींपैकी अनेकींत ती तेथेच असते. साखळीने किंवा लोखंडी दोराने ती वर ओढून धरलेली असते. तेथे ती मुलांच्या डोक्यावर येण्याचे भय नाही. परंतु चिखल, पाणी आणि दगड यांचा मारा तिच्यावर सतत होतो. साखळी गंजते, आणि गंजलेली साखळी एक तर तुटते, नाही तर गरजेच्या वेळी उतरतच नाही. आपल्याकडील पावसाळा लक्षात घेता, मृगाआधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा ती खाली उतरवून पाहावी आणि तेल देऊन पुन्हा चढवावी.

हल्ली काही नव्या मोटारींत स्टेपनी दिलेलीच नसते, अशी तक्रारही ऐकू येते. ट्यूब नसलेले टायर, हवा कमी झाल्याची सूचना देणारे यंत्र आणि पंक्चर बुजविण्याचे साहित्य एवढे दिले, तर लहान मोटारीस जादा चाक सक्तीचे नाही, असा नियम केंद्र सरकारने २०२० साली केला. शहरात त्याने काम भागत असेल. पण टायरच्या बाजूला दगडाने चीर पडली तर ते बुजविण्याचे औषध चालत नाही, आणि चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटात फोनही ठिकठिकाणी लागत नाही. ज्यांना निवड आहे त्यांनी आपल्या भागात चाक बरोबर ठेवावे.

हे सर्व धर्मगुरूने का सांगावे, असे कोणाच्या मनात आले असेल. जुन्या करारात, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, घर बांधणाऱ्यास एक आज्ञा आहे. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर. कठडा नसताना वरून कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा तिचा आशय. पॅलेस्टाइनमध्ये लोक सपाट धाब्यांवर बसत, निजत, धान्य वाळवीत, म्हणून कठडा. ही आज्ञा मला फार मोलाची वाटते, कारण तीत कोणाला ढकलू नको असे सांगितलेले नाही. ते तर पाचव्या आज्ञेत आलेच आहे. येथे सांगितले आहे ते गवंडीकाम. विटा किती रचावयाच्या, हाही विवेकबुद्धीचा प्रश्न आहे, असे त्या ग्रंथाला वाटते. आपल्या मोटारीतील कठडे म्हणजे मागच्या आसनाचे पट्टे, आसनाचे खटके आणि स्टेपनीचा बोल्ट.

पट्ट्यांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मोटार भक्कम आणि महागडी होती. मागे बसलेले दोघेही दगावले, आणि त्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते असे पोलिसांच्या तपासात दिसून आले. मागच्या आसनावरचा पट्टा न लावलेला मनुष्य आणि डिकीतील न बांधलेले चाक यांना निसर्गाचा एकच नियम लागू आहे.

ख्रिस्तसभेनेही रस्त्याकडे दुर्लक्ष केलेले नाही. वेगाच्या नादाने किंवा मद्य पिऊन स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष होय, असे कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात पाचव्या आज्ञेच्या विवरणात सांगितले आहे. २००७ साली व्हॅटिकनच्या एका परिषदेने रस्त्यावरील वर्तनाविषयी सबंध मार्गदर्शन प्रसिद्ध केले आणि चालकांसाठी दहा आज्ञाही दिल्या. त्यांतील पहिली आज्ञा ‘हत्या करू नको’ हीच आहे. जुन्या रोमन विधिग्रंथात वाहनाच्या आशीर्वादाची जी प्रार्थना आहे, तीत फिलिप व रथात बसून शास्त्र वाचणारा कूशी अधिकारी यांची आठवण केलेली आहे. रथ चालू असता तो गृहस्थ वाचीत होता यावरून सारथी चांगला होता असे दिसते.

आता यात्रेविषयी. ऑगस्ट संपत आला की वेलांकणीच्या मातेच्या ८ सप्टेंबरच्या सणासाठी आपल्या भागातून मोटारी निघतात. बेळगावाकडून तो प्रवास नऊशे किलोमीटरांच्या आसपासचा. डिसेंबरात जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला जाणे असते. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत त्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले होते, तेव्हा घाटांतील रांगा आपण पाहिल्याच आहेत. यात्रेला निघताना शेगडी, पातेली, तांदूळ, अंथरुणे आणि पाण्याचे डबे एवढे सगळे न्यावयाचे असते, आणि जागा पुरत नाही म्हणून पहिला बळी जातो तो स्टेपनीचा. तिला एक तर घरीच ठेवतात, नाही तर खोलगटातून काढून पातेल्यांच्या वर ठेवतात. तेथे ती आसनाच्या पाठीपेक्षाही उंच होते, आणि मग तिच्या वाटेत आसनाची पाठसुद्धा उरत नाही; मुलांची डोकीच राहतात. जड सामान खाली व पुढे, आसनाला भिडवून, हलके वर, आणि आसनाच्या पाठीच्या उंचीवर काहीही नको, अशी भरणी करावी. दोन पातेली घरी राहिली तर वेलांकणीची माता रागावत नाही. तेथे जेवण मिळते.

स्टेपनी आवळताना उलट टोकाचीही चूक होते. धिप्पाड मिस्त्री पान्याने बोल्ट असा आवळतो, की टोपीला तडा जातो, किंवा वर्षभराच्या गंजाने बोल्ट आणि आटे एकजीव होतात. चाक हलू नये हे खरे. पण ते सुटावयासही हवे, आणि सुटावयास हवे ते घरातील सर्वांत अशक्त चालकाच्या हाताने. रात्रपाळी करून एकटी परत येणारी परिचारिका आपल्या धर्मग्रामात आहे, शाळेतील शिक्षिका आहेत, साठी ओलांडलेले गृहस्थ आहेत. म्हणून आट्यांना थेंबभर तेल द्यावे, बोल्ट हाताने बसेल तितका घट्ट करावा, मग दोन्ही हातांनी चाक गदगदा हलवून पाहावे. चाक हलले नाही आणि सबंध मोटार हलली, म्हणजे काम झाले. घरातील जी जी व्यक्ती ती मोटार चालविते, तिने एकदा दिवसाउजेडी, दारात, स्वतः ते चाक काढून पुन्हा बसवावे. जॅक व पाना त्यांच्या कप्प्यात, आणि एक विजेरी हाताशी. स्टेपनीतील हवाही मोजावी; बांधलेले पण हवा नसलेले चाक म्हणजे त्या पाच मूर्ख कुमारींच्या हातांतील तेल नसलेले दिवेच.

विजेरीवरून आठवले. मोटार चालविणाऱ्यांची आश्रयदात्री म्हणून १९२५ साली पोप अकरावे पायस यांनी रोमच्या संत फ्रान्सिस्का यांना नेमले. त्या रात्री दीनदुबळ्यांच्या सेवेला बाहेर पडत तेव्हा त्यांचा रक्षक दूत पुढे दिवा धरून चाले, अशी परंपरा आहे. आपल्या लोकांना मात्र संत ख्रिस्तोफरच अधिक जवळचे. १९६९ साली सार्वत्रिक सणांच्या यादीतून त्यांचा दिवस काढला गेला, त्यावरून ‘ख्रिस्तोफर आता संत राहिले नाहीत’ अशी आवई उठली होती व ती अजूनही मधूनमधून कानांवर येते. ती खोटी आहे. हुतात्म्यांच्या नामावलीत २५ जुलैला त्यांचे नाव आजही आहे.

त्याच २५ जुलैला सकाळच्या मिसेनंतर वाहनांचा आशीर्वाद होईल. मोटारी शाळेच्या पटांगणात एका ओळीने, तोंडे रस्त्याकडे करून लावाव्यात, आणि डिक्या रिकाम्या करून आणाव्यात. युवक मंडळाची मुले तेलाची डबी व हवा मोजण्याचे यंत्र घेऊन प्रत्येक मोटारीपाशी जातील. मी त्यांच्या मागून पवित्र पाणी घेऊन येईन. ज्यांचा बोल्ट हरवला असेल त्यांनी मोटारीचे नाव आणि साल चिठ्ठीवर लिहून आधीच्या रविवारपर्यंत पाद्रीघरी आणून द्यावे. सर्व चिठ्ठ्या एकत्र करून शहरात जाणाऱ्या एका माणसाकडून बोल्ट मागविता येतील.